मातीतले किरण, भंगारातला धोका

किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत किरणोत्सर्ग असतो म्हणतात, मग मुलांना तिथे खेळू द्यावे का, असे वाचक विचारतात. खुशाल खेळू द्या. युरेनियम, थोरियम थोडेफार सगळ्याच मातीत असते. केरळातल्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या खनिजामुळे थोरियम भरपूर आहे. तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांची दहा वर्षे पाहणी झाली. या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचे २००९च्या निष्कर्षांत दिसले नाही.

जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूकडे मात्र लक्ष हवे. तो बंद खोल्यांत साचतो आणि फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर कितीतरी जास्त. तळमजल्याच्या खिडक्या उघड्या ठेवा, फरशीच्या भेगा बुजवा, धूम्रपान सोडा.

मला खरी धास्ती आहे ती माणसाने बेवारस टाकलेल्या वस्तूंची. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एका ओस पडलेल्या दवाखान्यात कॅन्सरच्या उपचाराचे यंत्र तसेच राहिले होते. सप्टेंबर १९८७मध्ये भंगारासाठी ते फोडले गेले. आतली सीझियम-१३७ची पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीने तशाच हातांनी खाल्ले. ती वाचली नाही. चौघे दगावले, २४९ जणांना बाधा झाली. घरे पाडावी लागली, अंगणातली माती खरवडून पिंपांत भरावी लागली, कारण सीझियम निम्मे व्हायलाच ३० वर्षे लागतात. आणि सुरुवातीला उलट्या घेऊन आलेल्यांना काहीतरी बाधक खाल्ले असेल असेच सांगितले गेले होते! आपल्याकडेही २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघाले आणि एकाचा जीव गेला.

भंगाराच्या धंद्यातल्या मंडळींनो, आकाराच्या मानाने फार जड, शिशाचे जाड आवरण असलेली वस्तू दिसली, किंवा पिवळ्यावर तीन पाकळ्यांची खूण दिसली, तर ती फोडू नका, कापू नका. लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा आणि ११२ला फोन करा. हात लागलाच असेल तर कपडे काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा, साबणाने आंघोळ करा, तोवर काही खाऊ-पिऊ नका. उलट्या होत असतील, किंवा काही भाजले नसताना कातडी लाल होऊन फोड येत असतील, तर डॉक्टरांना ती वस्तू हाताळल्याचे आधी सांगा. तुम्ही सांगितले नाहीत, तर आम्हा डॉक्टरांना ते लवकर सुचणार नाही.