दूध लक्षात राहिलं, आई नाही

आधीच सांगते, मी आईला विसरले नव्हते, वार विसरले होते. मिरजेतल्या आमच्या दादाला हा फरक अजून पटलेला नाही.

मंगळवारी सकाळी आठला दार उघडलं, तर पिशवीत नंदिनीची एकाऐवजी तीन पाकिटं. वैतागून दूधवाल्याला मेसेज टाकला, 'अण्णा, दोन जास्त टाकलीत, बिलात धरू नका.' त्याचं लगेच उत्तर, 'मॅडम, रविवारी तुम्हीच सांगितलंत.' गार पाकिटाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि मी आठवतेय, मी कशाला सांगेन? आणि मग आठवलं. आईला रात्री झोपताना दूध लागतं.

फोनवर सहा मिस्ड कॉल. पहिला साडेसहाचा.

झालं होतं असं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे ऑफिसचा तिकडच्या लोकांबरोबरचा रात्री साडेनऊचा कॉल साडेदहावर गेला. सोमवारी तो संपला सव्वाबाराला. फोन गप्प करून झोपले. आई मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमच्याकडे बेंगळुरूला येणार होती, गाडी पोहोचणार मंगळवारी सकाळी. पण तिकिटावर सोमवारची तारीख होती, तीच मी कॅलेंडरात टाकलेली. सोमवारी ऑफिसची स्टँड-अप मीटिंग चालू असताना आठवण पडद्यावर आली, 'उद्या' म्हणून मी ती बाजूला सारली आणि पुढच्या माणसाचं ऐकायला लागले. मंगळवारसाठी दुसरी आठवण लावलेलीच नव्हती.

फोन लावला. आई म्हणाली, "उठलीस का? मी कडुगोडीला उतरलेय. रिक्षावाला दोनशे म्हणतोय, देऊ का?"

तिचं माहेर अथणीचं, कन्नड तोंडात बसलेलं. अर्धा तास वाट पाहून ती मॅजेस्टिकला मेट्रोत बसली आणि थेट शेवटच्या स्टेशनावर उतरली. नशीब, गाडी बदलावी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत बैय्यप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मधला तुकडा सुरूच झाला नव्हता. तेव्हा हेच घडतं तर बॅगा घेऊन मधे उतरून बस शोधावी लागली असती. ती घरी आली, चहा प्यायली, चकलीचा डबा काढला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलला तो दादा. साडेआठला घरच्या ग्रुपवर त्याचा व्हॉइस मेसेज, काकूपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलेला: 'आईला स्टेशनावर उभी करून बाईसाहेब झोपा काढतात.' यानेच तिला मिरजेत गाडीत बसवलं. तेव्हा 'बसवलंय' एवढा एक शब्द मला टाकायला याचं काय जात होतं? आणि माझा नवरा माझ्याच घरात राहतो, तिकीट त्यानेच काढलेलं. त्याला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

विसरण्यावर वाचायला गेलं की एबिंगहाउस भेटतोच. १८८५ साली त्याने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून किती विसरतो ते मोजलं. पण पाठ केलेलं विसरणं वेगळं आणि करायचं ठरवलेलं विसरणं वेगळं. त्याला पहाटे कुणाला आणायला जायचं नव्हतं.

तर, रात्रीच्या गाडीने कुणी येणार असेल तर तिकिटावरची तारीख लिहूच नका; उतरण्याचा वार लिहा, आणि गजर त्याच पहाटेचा लावा. मीटिंगमध्ये आलेली आठवण पुसू नका, तिथल्या तिथे पुढच्या वेळेवर ढकला. फोन गप्प करता तेव्हा आईवडिलांचे नंबर त्यातून वगळता येतात. ती सोय सेटिंगमध्ये आहे, मला ती बुधवारी सापडली. 'आपण जाऊ आणायला' असं घरात ठरवू नका. आपण म्हणजे कोण, ते नाव घेऊन ठरवा. झोप पुरेशी घ्या, असंही सगळे सांगतात. घ्या, मिळाली तर.

आईचं परतीचं तिकीट शनिवारचं आहे. गाडी रात्रीची, म्हणजे मिरजेला ती रविवारी उतरेल. हे मी दादाला ग्रुपवरच, सगळ्यांसमोर, लिहून कळवलंय.