दुधाचा हिशेब

प्रस्तावना
दुधाचा व्यवसाय हा असंख्य लहान शेतकरी व भूमिहीन कुटुंबांचा आधार आहे. पिकाचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो. दुधाचा पैसा मात्र वरचेवर हाती पडतो. तरीही ‘दूध भरपूर, पण उरत काही नाही’ अशी तक्रार अनेक गोठ्यांत ऐकू येते. असे का घडते, याचा विचार या पाठात केला आहे.

१. आहार : काटकसर कोठे करावी?
दुधाच्या उत्पादनखर्चापैकी साधारणपणे साठ ते सत्तर टक्के खर्च चारा व खुराक यांवर होतो. म्हणून दुधाचा दर घसरला की पशुपालक प्रथम खुराकाला कात्री लावतो. गाय काही दिवस अंगचे मांस झिजवून दूध देते. नंतर दूध घटते, अंग उतरते आणि माजही वेळेवर दिसत नाही. गायीच्या पोटाला चिमटा घेऊन केलेली बचत अशी दुप्पट महाग पडते.

सुमारे ४०० किलो वजनाच्या व रोज १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीला शरीरपोषणासाठी दीड किलो व प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम, असा एकूण साडेपाच किलो खुराक लागतो. लसूणघास किंवा बरसीम यांसारखा सकस हिरवा चारा मिळाल्यास खुराक कमी करता येतो. खरी काटकसर येथे आहे. कडब्याची कुट्टी केल्यास नासाडी टळते. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, दाबून हवाबंद ठेवल्यास दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो व उन्हाळ्यात उपयोगी पडतो. याखेरीज रोज सुमारे ५० ग्रॅम क्षारमिश्रण आणि मुबलक स्वच्छ पाणी द्यावे.

२. आरोग्य : न दिसणारा तोटा
लाळ-खुरकूत रोगाची लस दर सहा महिन्यांनी, तर घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र आदी राज्यांत हजारो जनावरे दगावली. माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या त्या रोगाने गोठ्याच्या स्वच्छतेचे मोल सर्वांनाच पटवले.

कासदाह मात्र अनेकदा गुपचूप येतो. कास वरून निरोगी दिसते, परंतु दूध घटत जाते. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र मिटण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तोवर गाय खाली बसू नये म्हणून धारेनंतर लगेच तिच्यापुढे चारा टाकावा आणि सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. या उपायाला खर्च अल्प आहे. औषधोपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा व त्याने सांगितलेल्या मुदतीत ते दूध विकू नये.

३. भाकड दिवसांचा खर्च
गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. व्याल्यानंतर दोन ते तीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिल्यास वर्षाला एक वेत मिळते. एक माज हुकला की पुढचे वेत २१ दिवस लांबते. समजा, गायीवर रोज १५० रुपये खर्च होतो; तर भाकड काळात वाढलेल्या या २१ दिवसांचे ३,१५० रुपये अंगावर पडतात. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

४. वहीचे महत्त्व
म्हणून प्रत्येक गोठ्यात एक वही असावी. रोजचे दूध, चारा-खुराकाचा खर्च, माजाची, रेतनाची व लसीकरणाची तारीख तीत नोंदवावी. दूध अचानक घटले तर ते वहीत आधी दिसते, रोग नंतर दिसतो. जो पशुपालक केवळ दुधाचे माप पाहतो, त्याला मिळकत कळते. जो वही पाहतो, त्याला नफा कळतो.

शब्दार्थ
मुरघास – हवाबंद मुरवलेला हिरवा चारा
कासदाह – कासेला होणारा दाहरोग
भाकड – दूध देत नसलेली (गाय, म्हैस)
वेत – जनावराची एक प्रसूती

पाठगत प्रश्न
१. खुराकात केलेली कपात महाग का पडते?
२. धार काढल्यावर लगेच चारा का टाकावा?
३. दोन माज हुकल्यास वरील उदाहरणातील गायीमागे किती रुपयांचा भार पडेल?