इंग्लंडमधील शिक्षकपदासाठी ऑनलाइन मुलाखत : पूर्वतयारीचे काही धडे

परदेशातील शाळेत अध्यापन करण्याची इच्छा बाळगणाऱ्या शिक्षकास पूर्वी मुलाखतीसाठी महानगर गाठावे लागे. आता ही मुलाखत तालुक्याच्या गावी, आपल्याच घरातील संगणकासमोर बसून देता येते. प्रवासाचा खर्च वाचला, हे खरे; परंतु तयारीची जबाबदारी मात्र वाढली आहे. पडद्यावरील अर्ध्या-पाऊण तासात उमेदवाराचे ज्ञान, भाषा, स्वभाव आणि मुलांविषयीची दृष्टी या सर्वांची पारख होते. ही तयारी कशी करावी, याचा विचार इंग्लंडचे उदाहरण घेऊन येथे केला आहे.

पात्रतेचा प्रश्न

इंग्लंडमध्ये शिक्षकाच्या अधिकृत पात्रतेस ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’ असे म्हणतात. फेब्रुवारी २०२३ पासून घाना, हाँगकाँग, भारत, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, युक्रेन व झिंबाब्वे येथील प्रशिक्षित शिक्षकांनाही या पात्रतेसाठी थेट अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. योजनेच्या प्रारंभी भारतीय शिक्षकांसाठी ती ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविणाऱ्यांपुरती होती. अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तेथील शासनाच्या शिक्षण विभागाची ताजी सूचना स्वतः वाचावी. कोणाच्या सांगीवर विसंबू नये.

ही पात्रता मिळणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे. नोकरी शाळा देते, आणि व्हिसासाठीचे प्रायोजकत्वही शाळेकडून किंवा ती चालविणाऱ्या संस्थेकडूनच मिळते. मुलाखत ही या दोहोंकडे नेणारी पायरी होय.

शाळेचा अभ्यास

ज्या शाळेने बोलाविले तिची माहिती आधी करून घ्यावी. इंग्लंडमधील शाळांची तपासणी ‘ऑफस्टेड’ ही संस्था करते व तिचे अहवाल सर्वांस वाचावयास खुले असतात. शाळेचे बलस्थान कोणते, उणीव कोणती, हे त्यातून कळते. तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमाची रचनाही समजून घ्यावी. ११ ते १४ वर्षे हा तिसरा टप्पा आणि १४ ते १६ वर्षे हा चौथा टप्पा होय; चौथ्या टप्प्याच्या अखेरीस ‘जीसीएसई’ परीक्षा होते. आपण इयत्ता आठवीला शिकवितो एवढेच न सांगता, आपले विद्यार्थी कोणत्या वयाचे आहेत व तेथील कोणत्या टप्प्याशी त्यांचे साम्य आहे, हे सांगता आले पाहिजे.

नमुना पाठ

मुलाखतीत पुष्कळदा लहानसा नमुना पाठ घेण्यास अथवा एखाद्या पाठाची आखणी समजावून देण्यास सांगतात. येथे अनेक उमेदवार एक चूक करतात : ते व्याख्यान देतात. परीक्षकांना पाहावयाचे असते ते हे, की मूल चुकल्यावर शिक्षक काय करतो.

एक उदाहरण घेऊ. १/२ आणि १/३ यांची बेरीज एखादा विद्यार्थी २/५ अशी करतो. ‘चूक’ म्हणून लसावि काढण्याची रीत फळ्यावर लिहिणे सोपे आहे. पण त्याने मुलाचा गैरसमज जात नाही. त्याऐवजी विचारावे, ‘२/५ ही संख्या १/२ पेक्षा मोठी की लहान ?’ ती लहान आहे, हे आकृती काढून मुलाला दिसते. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली, हे कसे घडेल ? येथे मूल स्वतःच थांबते आणि मग समान छेदाची गरज त्याला पटते; उत्तर ५/६ येते. असे एक-दोन प्रसंग आपल्या वर्गातून निवडून, ते साध्या इंग्रजीत पाच मिनिटांत सांगण्याचा सराव करावा.

बालकांचे संरक्षण

या विषयावरील प्रश्न गृहीतच धरावा. इंग्लंडमधील सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर १९८७ पासून बंदी आहे. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तेव्हा ‘क्वचित एखादी चापटी’ असे उद्गार मुलाखतीत तर नकोतच, वर्गातही नकोत.

नेहमीचा प्रश्न असा : एखादी विद्यार्थिनी घरी आपला छळ होतो असे सांगते आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी विनवणी करते, आपण काय कराल? उत्तराचा क्रम लक्षात ठेवावा. शांतपणे ऐकून घ्यावे. गुप्ततेचे वचन देऊ नये. उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. स्वतः चौकशी करू नये. मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावे आणि शाळेतील नियुक्त बालसंरक्षण अधिकाऱ्यास विनाविलंब कळवावे. याच कारणास्तव नोकरीच्या इतिहासातील खंडांविषयीही विचारणा होते. आजारपण, प्रसूती, शिक्षण, जे कारण असेल ते सरळ सांगावे.

वेळ, वीज आणि जागा

वेळेतील फरक दोनदा तपासावा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. म्हणून तेथील सकाळचे १० म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, तर उन्हाळ्यात अडीच. या एका तासाच्या घोटाळ्याने हातची संधी जाऊ शकते.

वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून संगणक पूर्ण चार्ज ठेवावा व मोबाईलवरील इंटरनेटची पर्यायी सोय करावी. प्रकाश समोरून यावा, खिडकी पाठीमागे नसावी. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी एका मित्राबरोबर रंगीत तालीम घ्यावी. घरी शांतता नसेल तर शाळेची किंवा ग्रामपंचायतीची इंटरनेट असलेली खोली तासाभरासाठी मिळविता येईल. पंचायत सदस्यांनी अशी विनंती आल्यास ती आपुलकीने मान्य करावी.

फसवणुकीपासून सावधान

मुलाखतीसाठी किंवा नोकरीच्या हमीसाठी पैसे मागणारा मध्यस्थ दिसताच सावध व्हावे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या अभिकर्त्याने केंद्र शासनाकडे नोंदणी केलेली असणे आवश्यक ठरविले आहे. ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर ती पडताळता येते. शाळेचा पत्ता व दूरध्वनी शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधून पत्राची खातरजमा करावी. जमीन गहाण ठेवून पैसे भरल्यावर शाळाच अस्तित्वात नाही असे कळणे, यासारखी आपत्ती नाही.

मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांचे कर्तव्य

इंग्लंडमधील शाळा उमेदवाराच्या सध्याच्या शाळेकडे अभिप्राय मागते, आणि तो शक्यतो मुलाखतीपूर्वीच हवा असतो. हा ई-मेल कार्यालयात अनुत्तरित पडून राहिला, तर चांगल्या शिक्षकाची संधी विनाकारण हुकते. अभिप्राय त्वरेने आणि सत्याला धरून द्यावा. शिक्षकानेही मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्यावे. शासकीय अथवा जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकांनी आवश्यक ती परवानगी योग्य मार्गाने मागावी; न सांगता निघून गेल्यास वर्ग उघडा पडतो आणि स्वतःची सेवाही अडचणीत येते.

अखेरीस एक गोष्ट. या तयारीत जे जे करावयाचे, म्हणजे मुलाच्या चुकीचे कारण शोधणे, त्याचे बोलणे ऐकून घेणे, पाठाची नेमकी आखणी करणे, ते सारे आपल्या गावच्या वर्गातही तितकेच उपयोगी आहे. निवड झाली तर उत्तमच. न झाली तरी ही तयारी वाया जात नाही. तिचा लाभ दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच विद्यार्थ्यांना मिळतो.