नवे एक्लिप्स आणि रुसलेले सबव्हर्जन

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या पॅसेजमधून फिरलं की दर दुसऱ्या खोलीतून एकच वाक्य ऐकू येतं, "अगं, काल तर चालत होतं!" काल चाललेलं आज का चालत नाही, याची कारणं पुष्कळ असतात. पण एका कारणात आपल्या कोडमधलं एक अक्षरही चुकलेलं नसतं. कोणीतरी हौसेने नवीन आयडीई टाकलेला असतो, आणि व्हर्जन कंट्रोल रुसून बसलेलं असतं. आज त्याबद्दल लिहिते. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे टेक्निकल मराठी लिहिताना थोडी सर्कस होणार. सांभाळून घ्या.)

कोठार आणि नोंदवही

आपल्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी सबव्हर्जन आहे. कोलॅबनेट या कंपनीने २००० साली त्याचं काम सुरू केलं, २००४ मध्ये १.० ही आवृत्ती आली आणि २०१० पासून तो अपाची फाउंडेशनचा प्रकल्प आहे. त्याचे दोन भाग नीट वेगळे समजून घ्यायला हवेत. पहिला भाग म्हणजे सर्व्हरवरची रिपॉझिटरी, म्हणजे कोठार. दुसरा भाग म्हणजे आपण चेकआउट करून घेतलेली वर्किंग कॉपी.

या वर्किंग कॉपीत डॉट एसव्हीएन नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. ही तिची नोंदवही. कुठली फाइल कोणत्या रिव्हिजनची आहे आणि ती मूळ कशी होती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. वही वाचणारा आणि लिहिणारा तो क्लायंट. मग तो कमांड लाइनचा असो, टॉर्टॉइज असो नाहीतर एक्लिप्समधला सबक्लिप्स किंवा सबव्हर्सिव्ह हा प्लगइन असो.

गंमत अशी की सर्व्हर आणि क्लायंट यांचं सहसा भांडण होत नाही. १.x मालिकेतला कुठलाही क्लायंट त्याच मालिकेतल्या कुठल्याही सर्व्हरशी बोलू शकतो. भांडण होतं ते नोंदवहीवरून.

होस्टेलचंच उदाहरण घ्या. समजा प्रत्येक खोलीच्या दाराला हजेरीचं वेगळं रजिस्टर टांगलेलं आहे. १.६ पर्यंत सबव्हर्जन असंच होतं, प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळं डॉट एसव्हीएन. ऑक्टोबर २०११ मध्ये १.७ आली आणि सगळी रजिस्टरं काढून रेक्टरच्या टेबलावर एकच मोठं रजिस्टर ठेवलं गेलं. म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये एकच डॉट एसव्हीएन आणि त्यात एसक्यूलाइटचा डेटाबेस. मुली त्याच, खोल्या त्याच, पण जुना वॉचमन दारोदार रजिस्टर शोधत फिरणार! पुढे जून २०१३ मध्ये १.८ ने या रजिस्टरचे रकाने पुन्हा बदलले. तेव्हापासून १.१४ पर्यंत मांडणी तीच आहे.

आणखी एक गोष्ट. १.६ पर्यंतचा नवा क्लायंट जुन्या वहीला हात लागताच गुपचूप तिचं रूपांतर करून टाकायचा. १.७ पासून तो थांबतो आणि आधी अपग्रेड करायला सांगतो. ही सुधारणा चांगली आहे, पण आपण बटण दाबण्यापूर्वी वाचलं तर ना! एकदा अपग्रेड झालं की मागे यायचा रस्ता नाही.

आमच्या ग्रुपचं काय झालं

लॅबमधल्या मशीनवर सेंटओएस ७ आहे आणि त्याच्यासोबत आलेलं सबव्हर्जन १.७.१४. आम्ही चौघी. लॅबचा सर्व्हर होस्टेलवरून मिळत नाही आणि स्वतःचा लॅपटॉप लॅबच्या नेटवर्कला जोडायची परवानगी नाही. म्हणून वर्किंग कॉपी पेनड्राइव्हवर. दुपारी लॅब, रात्री लॅपटॉप.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या दोन दिवस आधी आमच्यातल्या एकीने लॅपटॉपवर नवं एक्लिप्स आणि नवा प्लगइन टाकला. त्याने अपग्रेडचं विचारलं, तिने हो म्हटलं, रात्रभर काम छान झालं. सकाळी लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला तर उत्तर आलं की हा क्लायंट या वर्किंग कॉपीसाठी फार जुना आहे. तिचं तीन दिवसांचं काम त्या फोल्डरमध्ये, कमिट एकही नाही. टर्म वर्कचे मार्क चौघींचे.

"लेटेस्ट चेकआउट घेऊ आणि त्यावर हिच्या फाइल्स टाकू," असं कोणीतरी म्हणालं. लॅब असिस्टंट काकांनी हात धरला म्हणून वाचलो! कारण तिची कॉपी रिव्हिजन २१४ ची होती आणि बाकीच्यांनी तोवर २१९ पर्यंत कमिट केलं होतं. ताज्या कॉपीवर जुन्या फाइल्स टाकल्या तर सबव्हर्जनला वाटतं, तुम्ही मुद्दाम बदल केलाय. इतरांचं काम पुसलं जातं आणि कॉन्फ्लिक्टसुद्धा दिसत नाही. अडकलेल्या फोल्डरपेक्षा हे जास्त वाईट.

आम्ही जे केलं ते पायऱ्यांनी देते:

१. आधी अख्ख्या फोल्डरची दुसरी कॉपी काढून बाजूला ठेवा.

२. लॅपटॉपवर, म्हणजे नव्या क्लायंटने, एसव्हीएनव्हर्जन ही कमांड द्या. आम्हाला "२१४एम" असं मिळालं. २१४ ही मूळ रिव्हिजन, एम म्हणजे बदल केलेले आहेत. कोलन घालून दोन आकडे आले तर कॉपी मिश्र रिव्हिजनची आहे, तेव्हा प्रत्येक फाइल वेगळी तपासा.

३. एसव्हीएन स्टेटस देऊन बदललेल्या, नव्या आणि काढलेल्या फाइल्सची यादी कागदावर उतरवा.

४. लॅबच्या मशीनवर नव्या फोल्डरमध्ये रिव्हिजन २१४ चाच चेकआउट घ्या, लेटेस्टचा नाही.

५. यादीतल्या फाइल्सच तिथे टाका. डॉट एसव्हीएनला हात लावू नका. नव्या फाइल्सना अ‍ॅड आणि काढलेल्यांना डिलीट द्यायला विसरू नका.

६. आता अपडेट करा. इतरांचे बदल येऊन मिसळतील. कॉन्फ्लिक्ट आला तर सोडवा, कंपाइल करून बघा आणि मगच कमिट.

आम्हाला एकच कॉन्फ्लिक्ट आला, फी मोजण्याच्या फाइलमध्ये. दोघींनी शेजारी बसून सोडवला. रिव्हिजन २२० सर्व्हरवर गेली तेव्हा मेसचं जेवण संपलं होतं, पण कोणाची तक्रार नव्हती.

आकडे फसवतात

आणखी एक गोंधळ म्हणजे प्लगइनचा आकडा आणि सबव्हर्जनचा आकडा एक नसतो. सबक्लिप्स १.६ सबव्हर्जन १.६ वर चालायचा, पण सबक्लिप्स १.८ हा सबव्हर्जन १.७ साठी होता आणि सबक्लिप्स १.१० हा १.८ साठी! नुसता आकडा पाहून "जुळतंय" म्हणणारा हमखास फसायचा. म्हणून प्लगइनच्या माहितीत आतलं सबव्हर्जन कोणतं ते शोधा. एक्लिप्सची वर्कस्पेसही तशीच आहे. नव्या एक्लिप्सने ती उघडताना इशारा येतो, तो वाचा.

"आम्ही गिट वापरतो, आम्हाला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामांसाठी अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलं, त्यामुळे पासवर्ड साठवून ठेवलेल्या आयडीईचं पुश अडू लागलं. त्याला टोकन किंवा एसएसएच की लागते. आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३५.२ पासून, फोल्डरचा मालक दुसरा यूजर असेल तर गिट काम नाकारतं. लॅबच्या सामाईक मशीनवर हे हटकून दिसतं. त्या एका फोल्डरला सेफ डिरेक्टरी म्हणून नोंदवा. सगळ्यांना सरसकट मोकळीक देऊ नका, कारण हा नियम सुरक्षेसाठीच आलाय.

शेवटी एवढंच

नवा आयडीई जरूर टाका, पण आधी सगळं काम कमिट करा. एका वर्किंग कॉपीला दोन वेगळ्या काळातले क्लायंट लावू नका. लॅबसाठी एक आणि लॅपटॉपसाठी दुसरी, अशा कॉपी वेगळ्या ठेवा. सबमिशनच्या आधीच्या पंधरा दिवसांत कोणीही काही अपग्रेड करायचं नाही, असं ग्रुपमध्ये ठरवून टाका. लॅपटॉप आपला एकटीचा असला तरी प्रोजेक्ट चौघींचा असतो, तेव्हा अपग्रेडही चौघींना विचारूनच. आज रात्री जेवण झालं की ग्रुपमधल्या सगळ्यांच्या क्लायंटचे आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे.