पाढे पाठ हवेतच का?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. शाब्दिक उदाहरण वाचते, तिला ते कळतंही. पण सोडवता सोडवता विचारलं काय होतं तेच विसरते. पाढे पाठ नाहीत. हल्ली समजून शिकण्यावर भर आहे, मग ही घोकंपट्टी कशाला?
– एक पालक, भद्रावती

उत्तर : तुम्ही लिहिता त्यावरून तिची समज कमी पडत नाही, जागा कमी पडते आहे. विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवते ती कार्यकारी स्मृती. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचं प्रारूप मांडलं. ती फार लहान असते. नेल्सन कोवान यांच्या २००१ च्या मांडणीनुसार मोठ्या माणसांतही साधारण चारच गोष्टी तीत मावतात.

आता हे पाहा : १७ रुपयांची एक, अशा ८ वह्या घेतल्या, २०० रुपये दिले, परत किती मिळतील? 'सतरा आठे छत्तीसासे' ओठांवर असेल तर वजाबाकी तेवढी उरते. नसेल तर सतराची बेरीज करत बसण्यात सगळं लक्ष जातं आणि २०० रुपये डोक्यातून निसटतात. कुंभारकामातही असंच होतं. तुमच्याच गावी, कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघासारख्या ठिकाणी, चाकावर बसलेला नवशिका बोटं, पाणी, वेग यांतच गुंततो. मुरलेल्या कारागिराचं लक्ष मात्र घाटाकडे असतं.

हीच अपुरी जागा संख्यांची नावंही अडवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला! त्यामागचा विचार मला पटतो. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, ही उलटापालट लहान मुलाच्या डोक्यावर ओझंच आहे. बल्लारपूरच्या तेलुगू घरांतली मुलं दशकच आधी म्हणतात.

डोक्यातली जागा मोकळी राहावी म्हणून पाढे हवेत, पण आठ वेळा सतरा म्हणजे काय हे आधी वस्तू मांडून कळू द्या. मग सारखं वाचून घेण्यापेक्षा विचारा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. एका वेळी थोडंच, टीव्ही बंद ठेवून, मध्ये एखादा दिवस सोडून पुन्हा. तीसपर्यंतचे पाढे आले की पुरे. पावकी, अडीचकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांचा आग्रह मी धरणार नाही.