‘पोल्स अपार्ट’ : ध्रुव कोणते?

दोन भावांचे स्वभाव किंवा दोन पक्षांची मते अगदी भिन्न असली, की इंग्रजीत त्यांना ‘पोल्स अपार्ट’ म्हणतात. आपण ‘जमीन-अस्मानाचा फरक’ म्हणतो. नुसते अंतर सांगताना मात्र हा वाक्प्रचार चालत नाही. मुंबई व दिल्ली ‘पोल्स अपार्ट’ नव्हेत.

यातले ध्रुव पृथ्वीचे. त्यांच्यात भूपृष्ठावरून सुमारे २०,००० किलोमीटर अंतर आहे. याहून दूर अशा दोन जागा पृथ्वीवर सापडणार नाहीत.

पुष्कळ विद्यार्थी येथे चुंबकाचे ध्रुव डोळ्यांपुढे आणतात आणि फसतात. चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांना आकर्षितात. शिवाय ते एकमेकांपासून तोडता येत नाहीत. खात्री करून घ्यायची आहे? लोखंड कापण्याच्या करवतीचे जुने पाते चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा. शिक्षकांच्या मदतीने पात्याचे दोन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके पाळीपाळीने होकायंत्राजवळ न्या. प्रत्येक तुकड्यात उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव आढळतील!

तेव्हा इंग्रजीच्या निबंधात ‘पोल्स अपार्ट’ खुशाल लिहा. भौतिकीच्या उत्तरपत्रिकेत मात्र चुंबकाचे ध्रुव वेगळे करू नका.