वजन नंतर, आधी बैठक पूर्ण करा

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण मध्यंतरी आमच्या व्यायामशाळेत येऊ लागला. खांद्यावर ८० किलोंचा बार घेऊन तो जेमतेम वीतभर वाके आणि वर येई. मी टोकले तेव्हा म्हणाला, "सर, जास्त खाली गेलं की गुडघे जातात म्हणे!"

तरुणपणी मीही हेच म्हणत असे. अर्ध्या बैठकीवर वजन चढवत गेलो आणि एके दिवशी कंबर धरली. तीन आठवडे अंथरुणावर काढल्यावर डोळे उघडले.

ही भीती जुनी आहे. खोल बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे १९६१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी मांडले होते. निरोगी गुडघ्यांबाबत पुढील संशोधनात त्यास पुष्टी मिळाली नाही. खरा धोका असतो तो न पेलणाऱ्या वजनाचा व चुकीच्या पद्धतीचा.

पूर्ण बैठक म्हणजे मांडी किमान जमिनीला समांतर येणे. ती साधण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) बार मानेच्या मणक्यावर नको, खांद्यामागील मांसल भागावर ठेवावा.

२) पाय खांद्याएवढे फाकवून चवडे थोडे बाहेर वळवावेत. गुडघे चवड्यांच्याच दिशेने जावेत, आत झुकू नयेत. ते बोटांच्या थोडे पुढे गेले तरी बिघडत नाही.

३) तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, बार घेतल्यावर मात्र त्या जमिनीवरच हव्यात.

४) खाली जाण्यापूर्वी श्वास भरून पोट घट्ट करावे व वर येताना अवघड टप्पा ओलांडल्यावर सोडावा.

५) तळाशी कंबर गोल होऊ लागली, तर त्याच्या किंचित वरच थांबावे.

खाली जाताच येत नसेल, तर घोटे तपासा. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहा. टेकत नसल्यास घोटा ताठर आहे. खुर्चीच्या सवयीने आपले उकिडवे बसणेच सुटले आहे. रोज दोन-तीन मिनिटे आधाराला धरून उकिडवे बसावे. तोवर टाचांखाली दोन सेंटीमीटर जाडीची, न घसरणारी फळी ठेवावी.

त्या तरुणाला मी नुसता २० किलोंचा बार दिला. आठ-आठ बैठकांची तीन आवर्तने. मित्र हसले, तो हिरमुसला. भरती तोंडावर आली होती. पण टिकला. दोन महिन्यांनी ५० किलो घेऊन तो पूर्ण बैठक मारू लागला, आणि कंबरेची तक्रार नाही.

गुडघ्याचे किंवा कंबरेचे जुने दुखणे, रक्तदाब, हृदयविकार अथवा हर्निया असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बारला हात लावू नये. इतरांनीही बारवर नवी चकती चढवण्याआधी बाजूने मोबाइलवर आपले चित्रण करून पाहावे. मांडी समांतर येत नसेल, तर चकती खाली ठेवावी.